मागच्या दाराची कडी

वाटूर, ता. परतूर
१५ ऑक्टोबर १९९२

मच्छिंद्रा,

खुशाली मागून लिहिते, कागदाला जागा उरली तर. आधी तुझ्या सवालाचं. तू विचारलं की अक्का, घरची सगळी मंडळी जीपात कशी बसता ते बराबर लिहून कळव, आमची कंपनी कुटुंबासाठी नवी गाडी काढून राह्यली. मला हसूच आलं. आयटीआय केलेल्या माणसाला बसायचं कसं ते तिसरी शिकलेल्या बाईला विचारावं लागतं.

तर ऐक. हाकतात तुझे दाजी. शेजारी मामंजी, काठी दोन पायांत धरून. त्यांच्या शेजारी मोठे भाऊजी. मागं आम्ही बाया, समोरासमोरच्या फळ्यांवर, मधी पोतं, पोत्यावर लेकरं. चढायचं मागून आन उतरायचं मागून. म्हंजे आम्ही कव्हा चढलो, कव्हा उतरलो, पुढच्या गड्यायला पत्ता न्हाई. सुनेनं सासऱ्याला 'जरा उठा, मला जाऊ द्या' म्हणायची पाळी येत न्हाई. येवढं ध्यानात ठिव, बाकी सगळं इसरलास तरी चालंल.

एक खोट हाय. जीपाचं मागचं दार ढिलं. तुला जालन्याला आयटीआयला सोडाया आल्ते तव्हा फाट्यावरच्या खड्ड्यात दार उघडलं आन मी तुझ्या पत्र्याच्या पेटीसगट रस्त्यावर पडल्ते. तू रडलास, मी न्हाई. गुडघा अजून थंडीत बोलतो.

इथं मी सगळ्यायला सांगितलं की माझा भाऊ मोटार बनवितो. मामंजी म्हणले, एकटाच? म्हणलं, व्हय. तव्हा लाज राख.

जागा सरली.
साळू अक्का


पुणे
३ डिसेंबर १९९२

ती. अक्कास, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गाडीचं नाव ठरलं, 'सोयरा'. सध्या तिचं मातीचं मॉडेल झालं आहे. हो, खरोखरच्या मातीचं, खऱ्या गाडीएवढं. कारागीर पात्यांनी ती तासत बसतात, साहेब येतात, हात फिरवतात आणि म्हणतात, गाल जरा आत घ्या.

समोरासमोरच्या फळ्या काढून टाकल्या. आता बसायच्या तीन ओळी, सगळ्यांची तोंडं पुढे, मऊ गाद्या. शेवटच्या ओळीत जायला मधली गादी दुमडायची आणि बाजूच्या दारातून आत शिरायचं. मागचं दार फक्त सामानासाठी. मी तुझं म्हणणं सांगून पाहिलं, पण साहेब म्हणाले की घरातल्या घरात कोण कोणाला उठवायला लाजतं?

माझ्याकडे फार महत्त्वाचं काम आहे. सगळं लिहिता येत नाही.

तुझा मच्छिंद्र


वाटूर
२० डिसेंबर १९९२

मच्छिंद्रा, कार्डावर लिहून राह्यले म्हणून थोडक्यात. मातीची गाडी ऐकून मामंजी दिवसभर हसले. म्हणले पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, पण त्यायला नांगराला कोणी जुंपत न्हाई. तुझ्या साहेबाला इचार, त्याच्या घरी सून हाय का. असंल तर तिला इचार. मधली गादी दुमडायची म्हंजे गादीवरला माणूस बी दुमडायचा का?
साळू


वाटूर
२ मे १९९५

मच्छिंद्रा,

तुझी सोयरा आली बाबा आमच्या दारी. लाल रंगाची. जुनी जीप तुझ्या दाजीनं फाट्यावरच्या धंद्याला ठिवली आन ही घरच्यासाठी घेतली. पुजेला अर्धं वाटूर आल्तं. मी सगळ्यायला सांगितलं, ही माझ्या भावानं केली. तुझे दाजी सुदीक ताठ उभे होते, जसं काही तूच त्यांचा भाऊ.

आता खरं ऐक.

मामंजी म्हणले, मी आता पुढं बसत न्हाई, मधी गादी मऊ हाय. झालं. मधी मामंजी, त्यांची काठी, त्यांचा तांब्या आन त्यांचे दोन दोस्त. आम्ही त्यांच्या मागं. मंग आम्ही जायचं कसं? मामंजीला उठा म्हणायची कोणाची छाती हाय? म्हणून आम्ही बाया घरचे गडी आंघोळीला बसले की गाडीत जाऊन बसतो. कोंबड्या डालल्यावानी. ते आंघोळ करणार, जेवणार, पान खाणार, मंग येणार. तवर आम्ही उन्हात शिजून राह्यलो.

रामनवमीला जांबला निघाल्तो. घनसावंगीच्या अलीकडं गाडी चहाला थांबली. गडी उतरले, मामंजी न्हाई उतरले, त्यांचा डोळा लागल्ता. सासरा झोपल्यावर गादी दुमडायची कशी ते तुझ्या कंपनीनं कागदावर लिहिलं न्हाई. माझी थोरली जाऊ सोनूबाई, तुला ठावं हाय तिचं वजन, ती सामानाच्या दारातून उलटी बाहीर निघाली. चहावाल्यानं कपबशी सोडून दिली.

दार कर मागं. बायायला चढाया-उतराया. मामंजी मेल्याची वाट बघाया लावू नको, ते ठणठणीत हायेत.

साळू अक्का

ता.क. गाडीचा हॉर्न चांगला हाय. तो कोणी केला? त्याला सांग.


पुणे
११ ऑगस्ट १९९६

ती. अक्कास नमस्कार.

तुला आनंदाची बातमी. तुझ्यासारखी पत्रं परभणीहून, लातूरहून, विदर्भातूनही आली. सोयराचं दुसरं मॉडेल निघतंय, 'सोयरा डिलक्स', आणि त्याला मागे माणसांसाठी दार आहे! खाली पायरी, धरायला दांडी. मागची काच पक्की, धूळ येणार नाही.

सगळ्यात भारी म्हणजे कडी. अक्का, अशी कडी हिंदुस्थानात कुठल्या गाडीला नाही. कसलाही खड्डा येवो, दार उघडणार नाही. यंत्रावर वीस हजार वेळा उघडझाप करून पाहिली. ज्याने ती केली त्याने दोन वर्षं रात्री झोप घेतली नाही. फार मेहनती माणूस आहे.

उषाचं लग्न जमतंय असं दाजींनी लिहिलं होतं. तोवर नवी गाडी मिळेल अशी व्यवस्था करतो. मला मात्र रजा मिळणं अवघड आहे.

मच्छिंद्र


वाटूर
२६ मे १९९८

मच्छिंद्रा,

ज्यानं ती कडी बनवली त्याचं नाव आन पत्ता उलट टपाली कळव.

उषाचं लग्न झालं. कसं झालं ते तू आला न्हाईस म्हणून सांगते. आला असतास तर तुझ्या देखत झालं असतं.

लग्न घनसावंगीला, व्याही बद्रीनाथ पाटलांच्या दारात. नवरीला करवल्यांसंगं टेम्पोत पुढं धाडलं. आम्ही तुझ्या नव्या कोऱ्या डिलक्सात. पुढं दाजी आन मोठे भाऊजी. मधल्या गादीवर रुखवत, छतापर्यंत. भांडी, शेवया, कुरडया, आन सोनूबाईनं बिस्किटाचा बंगला केल्ता, त्याला धक्का लागू न्हाई म्हणून चारी अंगानं उशा. मागं मी आन सोनूबाई, कन्यादानाची झारी माझ्या मांडीवर.

मांडवापाशी पोचलो. बँड सुरू. तुझ्या दाजीला व्याह्यांनी मिठी मारली आन फेटा बांधाया घिऊन गेले. जाताना ह्यांनी पुढची दारं बंद करून किल्ली खिशात घातली, रुखवताला कोणी हात लावू न्हाई म्हणून. आन बायको मागं हाय ते इसरून गेले.

मी दाराला हात घातला. आतून कडीच न्हाई! सपाट पत्रा. वर चाचपलं, खाली चाचपलं, सोनूबाईनं पत्र्यावर नखं घासली. काच पक्की. तुझी धूळ आत येत न्हाई ते खरं हाय, हवा बी येत न्हाई. मधी बंगला. बंगला मोडून जावं तर सोनूबाई म्हणती, आधी माझा मुडदा पाड.

मी काच वाजविली. पोरी हसून हात हालवून गेल्या. एक म्हातारा आला, म्हणला, मावशी, राखणीला का? आन गेला.

तेवढ्यात भटजीनं लाउडस्पीकरवर पुकारलं, मुलीच्या मातोश्रींनी कन्यादानाला यावं. एकदा, दोनदा. तुझे दाजी मला विहिरीपाशी, चुलाणापाशी, बायांच्या घोळक्यात हुडकून राह्यले, किल्ली खिशात. तिसऱ्यांदा पुकारल्यावर त्या म्हाताऱ्यानं सांगितलं, त्या तर गाडीत बसल्यात, बाहीर येईनात.

आन मंग ते झालं. मांडवात बोभाटा झाला, मुलीची आई रुसली!

मच्छिंद्रा, रुसायचा मान वरमाईचा. पिढ्यान्‌पिढ्या. मुलीच्या आईनं रुसावं असं कोणी ऐकलं न्हाई. सगळा मांडव गाडीपाशी जमा. बद्रीनाथ पाटील काचेबाहीर हात जोडून उभे, विहीणबाई बायांचा घोळका करून नारळ आन साडी घिऊन. काय चुकलं असंल ते पोटात घाला, विहीणबाई, म्हणून राह्यले. मी आतून वरडते, दार उघडा! बाहीर बँड. मी काचेवर मुठी मारते, तसे ते दोन पाऊल मागं सरतात आन म्हणतात, लईच राग हाय. कडी आतून मी लावली असंच सगळ्यायला वाटलं! तुझे दाजी डोळे वटारून म्हणतात, उघड, तमाशा करू नको. मी हातानं खुणा करते, तर म्हणले, बघा, मारायची भाषा करून राह्यली.

एका साडीनं भागंना म्हणून दुसरी आणली, पैठणीसारखी. सोनूबाई आतून म्हणती, मला बी एक माग.

आखरीला विहीणबाई गोपिकाबाई उन्हानं थकल्या आन दाराला टेकल्या. त्यांचा हात बाहीरल्या कडीवर पडला. दार उघडलं. मी आन सोनूबाई त्यांच्या अंगावर.

कन्यादान मी उजव्या हातानं केलं, डाव्यानं घाम पुसून राह्यले. उषा माझ्याकडं बघतच न्हाई. आजही घनसावंगीत लोक म्हणतात, ती काय, रुसणारी विहीण. उषाची सासू येता-जाता पोरीला म्हणती, तुझ्या आईसारखं रुसू नको बरं.

नाव कळव त्या माणसाचं. त्याच्या हाताला...जाऊ दे, कार्यातलं पत्र हाय.

साळू


पुणे
२० जून १९९८

ती. अक्कास.

वाचून फार वाईट वाटलं. नाव कळवता येत नाही, कंपनीचा नियम आहे. पण त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. आतून कडी ठेवली तर एखादं लेकरू खेळता खेळता ओढील, दार उघडेल, कोणी रस्त्यावर पडेल, असं त्याला वाटलं. त्याने मागे बसणाऱ्यांचाच विचार केला होता. एवढं समजून घे.

उषाला आशीर्वाद. तिच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि खरं काय ते सांग.

मच्छिंद्र


वाटूर
५ जुलै १९९८

मच्छिंद्रा,

खरं सांगितलं. कोणाला पटत न्हाई. म्हणतात, इतक्या मोठ्या कंपनीचं दार आतून उघडत न्हाई असं कुठं असतं का?

तू त्या माणसाची लई बाजू घिऊन राह्यलास. कोण लागतो तो तुझा? लेकराचा इचार केला म्हणं! मागं काय लेकरंच बसतात? मागं बसणाराला आपल्या मनानं उतरावं वाटंल, हे त्याच्या डोक्यात आलंच न्हाई, कारण तो कव्हा मागं बसलाच न्हाई. सांग त्याला, साळूबाईनं सांगितलं म्हणून. आन त्याच्या संगतीत राहू नको.


पुणे
१४ जानेवारी २००१

ती. अक्कास,

संक्रांत आहे, तिळगूळ घे आणि मग पुढचं वाच.

अडीच वर्षं मी तुला नीट पत्र लिहिलं नाही, कारण लिहायचं ते लिहिता येत नव्हतं. अक्का, मी मोटार बनवत नाही. मोटारीत शेकडो माणसं शेकडो वस्तू करतात. मी कडी करतो. मागच्या दाराची. नऊ वर्षं तेवढंच. ती कडी माझीच होती.

तू फाट्यावर पेटीसकट पडलीस तो दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. तुझा गुडघा फुटला होता आणि तू माझी पेटी झाडत होतीस. मला वाटलं, अशी कडी करू की माझी अक्का पुन्हा कधी गाडीतून पडणार नाही. पडली नाहीस. उतरलीही नाहीस.

आता शेवटचं सांगतो. सोयराचं तिसरं मॉडेल ठरतंय. साहेब म्हणतात, लोकांना आता जीपही नको आणि मोटारही नको. उंची जीपची, आराम मोटारीचा. त्याला ते क्रॉसओव्हर म्हणतात. कुटुंब म्हणजे चार माणसं, म्हणून शेवटची ओळ काढायची आणि मागचं दार पुन्हा सामानाचं करायचं. मागचं दार गेलं की माझं टेबल गेलं. मला भांडारात बोल्ट मोजायला पाठवणार आहेत. एप्रिलमध्ये बैठक आहे. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. काय करू?

तुझा अपराधी
मच्छिंद्र


वाटूर
१८ फेब्रुवारी २००१

मच्छिंद्रा,

महिनाभर तुला पत्र लिहायचं न्हाई असं ठरविल्तं. पंधरा दिस तर मी तुझं नाव घेतलं न्हाई. सोळाव्या दिशी सोनूबाई म्हणली, तो तुझ्यापायीच झोपला न्हाई ना दोन वर्षं? म्हणलं, झोपला असता तर अक्कल आली असती.

सगळ्या वाटुराला मी सांगितलं की माझा भाऊ मोटार बनवितो. आता काय सांगू, कडी बनवितो? आन ती बी अशी?

असो. उंची जीपची आन आराम मोटारीचा म्हंजे खेचर. घोड्याची ऐट आन गाढवाची पाठ. वाईट जनावर न्हाई ते, डोंगरात चालतं. पण खेचर घेणारा त्याच्या पाठीवर काय काय लादतो ते आधी इचारावं. कुटुंब चार माणसांचं म्हणणाऱ्याला सांग, आमच्या घरात चार तर नुसते रुसलेले असतात.

तुला बोलता येत न्हाई तर बोलू नको. साहेबाला त्या डिलक्सात मागं बसव. साहेबाचा साहेब असंल तर त्याला बी. मधी सामान भर छतापर्यंत. मंग पुढची दारं बंद करून किल्ली खिशात घाल आन जेवाया जा. बस्स. भाजी दोनदा घे.

आन कडी करशील तर आतून कर. कुठं ते सांगते. वर नको, खाली, गुडघ्यापाशी. मांडीवर पोर असलं, डोक्यावर पदर असला, हातात झारी असली तरी बाईचा हात तिथं पोचतो. दोन बोटानं ओढायची नको, बांगड्या अडकतात. मूठ बसंल अशी कर. लहान पोराला ओढता येणार न्हाई इतकी घट्ट ठिव, सोनूबाईला ओढता येईल इतकी सैल.

भांडारात जायचं न्हाई. ज्या पेटीसगट मी पडल्ते तिच्यातली पुस्तकं बोल्ट मोजायला न्हवती.

अक्का


पुणे
९ एप्रिल २००१

ती. अक्का,

केलं.

चाचणीच्या रस्त्यावर नेतो म्हणून दोघा साहेबांना मागे बसवलं. मधे रेतीची पोती. धाब्यापाशी गाडी थांबवली, कुलूप लावलं आणि आत जाऊन बसलो. तू सांगितलंस म्हणून भाजी दोनदा घेतली. खिडकीतून दिसत होतं. आधी दोघं गप्पा मारत होते. मग चाचपायला लागले. मग मोठ्या साहेबांनी टाय सोडला. एक ट्रकवाला त्यांच्याकडे बघून हात हलवून गेला.

अकरा मिनिटांनी दार उघडलं. मला वाटलं, भांडार तरी कुठलं, आता गेटच. मोठे साहेब उतरले, पाणी प्यायले आणि विचारलं, ही कडी कोणी केली? म्हटलं, मी. म्हणाले, आणि आम्हाला कोंडायची कल्पना? म्हटलं, माझ्या बहिणीची. ती वाटूरला असते, तिसरी शिकली आहे.

बैठकीत शेवटची ओळ राहिली, दार राहिलं. कडी आतून, गुडघ्यापाशी, मूठ बसेल अशी. तुझ्या बांगड्यांचं माप पाठव.

मच्छिंद्र


वाटूर
८ नोव्हेंबर २००३

मच्छिंद्रा,

भाऊबीजेला आलास न्हाई, पण नवी सोयरा धाडलीस, तव्हा माफ. चांदीचा रंग हाय. मामंजी तेवढे ती बघाया राह्यले न्हाईत, न्हाईतर मधली गादी त्यांनी सोडली नसती. आता उषाच्या सासूबाई आल्या की मधी बसतात. मी त्यायला मागं बसवून पाच बार उघडून दाखविलं आन पाचही बार त्यांच्या हातानं उघडविलं. सहाव्या बारला म्हणल्या, विहीणबाई, म्हंजे तव्हा तुम्ही खरंच रुसला न्हवता? साडेपाच वर्षं लागली. साडी मागं द्यायची का म्हणलं, तर म्हणल्या, राहू द्या.

खरी गोष्ट पुढं हाय. काल जालन्याहून येताना उषाच्या पोरीनं हट्ट धरला, पुढं मीच बसणार. तुझे दाजी आता हाकत न्हाईत, जावई हाकतात. मोठे भाऊजी मधी पाय पसरून. म्हणून ह्यायला मागं बसावं लागलं, आयुष्यात पहिल्यांदा. जालना सोडल्यापासून कण्हून राह्यले, मागं लई उसळतं, मागं लई उसळतं. म्हणलं, पंचवीस वर्षं उसळून राह्यलं, तुम्हाला आज कळलं.

वाटूर आलं. सगळे उतरले, हे तेवढे चप्पल हुडकीत मागं राह्यले. जावयांनी सवयीनं दारं लावली. मी ओट्यावर जाऊन पाणी पेले. मंग काच वाजल्याचा आवाज आला.

बघते तर हे आत. खांद्यापाशी चाचपतात, डोक्यावर चाचपतात, काचेच्या कडेला बोटं घालतात. गुडघ्याकडं गड्याचा हात जातच न्हाई. तोंड लाल. काहीतरी म्हणून राह्यले, ऐकू येत न्हाई. मी खूण केली, खाली, खाली. ते खाली बसले.

शेजारच्या बाया जमल्या. केशरबाई म्हणली, काय झालं वं, हे काहून उतरंनात?

सोनूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी सोनूबाईकडं.

म्हणलं, रुसलेत. टॉवेल-टोपी आन नारळ आणा.

आता कोणी इचारलं की मी सरळ सांगते, माझा भाऊ कडी बनवितो. आतून उघडणारी.

साळू अक्का

ता.क. खुशाली राह्यली. आम्ही सगळे मजेत. हे अजून बोलत न्हाईत.